आघातोत्तर तणाव विकारग्रस्त माजी सैनिकांचे जोडीदार

युद्धातून परतलेल्या आणि आघातोत्तर तणाव विकाराने, म्हणजेच पीटीएसडीने, ग्रस्त असलेल्या माजी सैनिकांच्या पती-पत्नींचे जीवन, त्यांच्यावरील ताण आणि त्यांचे उपचारातील स्थान हा लष्करी मानसोपचार, निद्राविज्ञान व कुटुंबोपचार या तिन्ही शाखांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. या विकारात झोपेच्या तक्रारी जवळजवळ नेहमीच आढळतात. दुःस्वप्ने, निद्रानाश, झोपेतील आरडाओरडा व हातपाय झाडणे यांची पहिली साक्षीदार डॉक्टर नव्हे, तर शेजारी झोपलेली व्यक्ती असते. त्यामुळे रुग्णाची झोप हा बहुतेक कुटुंबांत दोघांचा प्रश्न बनतो.

या विषयावरील बहुतांश संशोधन अमेरिका व इस्रायल या देशांत झाले आहे. अमेरिकेत त्याला व्हिएतनाम युद्धानंतर सुरुवात झाली आणि २००१ नंतरच्या अफगाणिस्तान व इराक येथील मोहिमांमुळे वेग आला. अभ्यासांतील जोडीदार बहुसंख्येने पत्नी आहेत. महिला सैनिकांच्या पतींविषयीची माहिती त्या मानाने तुटपुंजी आहे.

इतिहास

युद्धाने मनावर होणाऱ्या परिणामांना प्रत्येक पिढीने वेगळे नाव दिले. अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांची धडधड, थकवा व धाप यांचे वर्णन जेकब मेंडेस दा कोस्टा या वैद्याने १८७१ मध्ये 'चिडखोर हृदय' या अर्थाच्या नावाने केले. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स यांच्या १९१५ मधील लेखामुळे 'शेल शॉक' ही संज्ञा रूढ झाली, तर दुसऱ्या महायुद्धात 'युद्धजन्य थकवा' असे म्हटले जाऊ लागले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी १९७० च्या सुमारास न्यू यॉर्कमध्ये आपापसांत बोलण्यासाठी गट स्थापन केले. रॉबर्ट जे लिफ्टन व खाइम शातान हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांत सहभागी होते. या चळवळीच्या रेट्यामुळे अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९८० मध्ये, पीटीएसडी हे निदान समाविष्ट झाले.

अमेरिकी काँग्रेसने १९८३ मध्ये आदेश दिलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना आयुष्यात केव्हातरी आणि सुमारे १५ टक्क्यांना सर्वेक्षणाच्या वेळी हा विकार असल्याचे आढळले. २००६ मधील फेरविश्लेषणात अधिक कडक निकष लावल्यावर हे आकडे अनुक्रमे सुमारे १९ व ९ टक्क्यांवर आले. या सर्वेक्षणाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यात काही माजी सैनिकांच्या पत्नी व जोडीदारांच्याही मुलाखती घेण्यात आल्या. विकारग्रस्तांच्या घरांत वैवाहिक कलह, हिंसा व मुलांच्या वर्तनसमस्या अधिक असल्याचे त्यांतून पुढे आले. तोपर्यंत पत्नीकडे रुग्णाची माहिती देणारी नातेवाईक म्हणूनच पाहिले जाई. तिची स्वतःची प्रकृती हा अभ्यासाचा विषय नव्हता.

विकार आणि झोप

निदानपुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीनुसार पीटीएसडीची लक्षणे चार गटांत येतात: आघाताच्या आठवणींचे अनाहूत आक्रमण, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, विचार व भावनांतील नकारात्मक बदल, आणि शरीर-मनाची अतिउत्तेजित अवस्था. लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकल्यासच निदान होते. झोपेचा उल्लेख यांपैकी दोन गटांत आहे. दुःस्वप्ने पहिल्या गटात येतात, तर झोप न लागणे किंवा वारंवार मोडणे चौथ्या गटात. झोपेचा बिघाड हेच या विकाराचे ओळखचिन्ह आहे, असा विचार १९८९ मध्ये रॉस व सहकाऱ्यांनी मांडला आणि त्यानंतर निद्राविकारांकडे स्वतंत्रपणे पाहिले जाऊ लागले.

सैनिकाच्या बाबतीत या बिघाडाला एक वेगळा इतिहास असतो. आघाडीवर रात्री सावध राहणे हे कौशल्य होते आणि गाढ झोप हा धोका होता. शरीराने महिनोन्‌महिने आत्मसात केलेला हा धडा घरी परतल्यावर आपोआप पुसला जात नाही. रात्री दोन-तीन वेळा उठून दारे-खिडक्यांच्या कड्या तपासणे, दाराकडे तोंड करूनच झोपणे, मांजराच्या पावलानेही दचकून उठणे ही या अतिसतर्कतेची नेहमीची रूपे आहेत. दुःस्वप्नांच्या भीतीने काही जण झोपणेच लांबवतात. लवकर झोप यावी म्हणून मद्याचा आधार घेतला जातो. मद्याने झोप लवकर लागते हे खरे, परंतु त्याचा अंमल उतरू लागताच रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटक होते आणि स्वप्ने अधिक तीव्र होतात.

पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांत झोपेत श्वास थांबण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, हाही वारंवार आढळतो. जोरात घोरणे, मध्येच श्वास थांबणे आणि मग गुदमरल्यासारखे जागे होणे ही त्याची लक्षणे स्वतः रुग्णाला क्वचितच कळतात; ती जोडीदारालाच दिसतात. अशा वेळी ही दुःस्वप्नेच आहेत असे गृहीत धरल्यास उपचार करण्याजोगा एक विकार वर्षानुवर्षे नजरेआड राहतो. झोपेत प्रत्यक्ष लढत असल्यासारख्या हालचाली करणाऱ्या सैनिकांच्या नोंदींवरून अमेरिकी लष्करी वैद्यांनी २०१४ मध्ये 'आघाताशी निगडित निद्राविकार' असे स्वतंत्र निदान प्रस्तावित केले. ते अद्याप अधिकृत वर्गीकरणात सर्वमान्य झालेले नाही.

जोडीदाराची रात्र

दुःस्वप्नात असलेल्या व्यक्तीला घाबरून हलवून जागे करणे ही जोडीदाराची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. नेमक्या याच क्षणी इजा होण्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण अर्धवट जागा झालेला माणूस समोरच्या व्यक्तीला ओळखत नाही आणि स्पर्शाला हल्ला समजतो. म्हणून हाताच्या टप्प्यापासून दूर, शक्यतो पायथ्याशी किंवा दाराजवळ उभे राहून शांत व ठाम आवाजात नावाने हाक मारावी, दिवा लावावा, 'तू घरी आहेस, मी अमुक आहे' असे सांगावे आणि पूर्ण जाग येईपर्यंत स्पर्श करू नये, असे सुचवले जाते. जागे झाल्यावर स्वप्नात काय दिसले याची लगेच चौकशी करण्याची आवश्यकता नसते. कसे जागे करायचे, हे दोघांनी दिवसा, शांतपणे आधीच ठरवलेले असल्यास रात्री गोंधळ होत नाही. सकाळी जोडीदाराच्या अंगावरील वळ पाहून रुग्णाला वाटणारी शरम हीदेखील पुढची रात्र बिघडवणारी गोष्ट आहे.

वेगवेगळ्या खोलीत झोपावे की नाही, हा प्रश्न अनेक जोडप्यांत वादाचा ठरतो. वेगळे झोपणे म्हणजे संसार मोडणे, अशी समजूत अमेरिकेतही आहे आणि इतरत्रही. परंतु इजा होत असेल किंवा जोडीदाराची झोप सतत मोडत असेल तर दोन अंथरुणे ही सुरक्षिततेची बाब आहे. निर्णय न बोलता, एकाने उशी उचलून निघून जाण्याने झाला, की तो नाकारल्यासारखा लागतो. ठरवून, काही काळापुरता आणि झोपण्यापूर्वीचा एकत्र वेळ राखून केला, तर तसा लागत नाही.

उशीखाली किंवा पलंगाशेजारी शस्त्र ठेवून झोपणे ही अमेरिकी माजी सैनिकांतील गंभीर समस्या आहे. तेथे माजी सैनिकांच्या आत्महत्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक बंदुकीने होतात. निद्रानाश आणि दुःस्वप्ने या दोन्हींचा आत्महत्येच्या धोक्याशी संबंध आढळला आहे. त्यामुळे शस्त्र कुलूपबंद ठेवणे, काडतुसे वेगळी ठेवणे किंवा बिकट काळात शस्त्र घराबाहेर सुरक्षित ठेवणे यांविषयी जोडीदाराने बोलावे, असे तेथील माजी सैनिक व्यवहार विभाग सांगतो. हे बोलणे शस्त्र काढून घेण्याच्या धमकीच्या स्वरूपात झाल्यास बहुधा फिसकटते. प्रकृती बरी असताना दोघांनी मिळून केलेली व्यवस्था टिकते.

जुळवून घेण्याचा पेच

जोडीदारांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी अलीकडच्या काळात सर्वाधिक लक्ष दिलेला मुद्दा म्हणजे लक्षणांशी जुळवून घेणे. पती गर्दीत अस्वस्थ होतो म्हणून पत्नी एकटीच बाजारहाट करते. तो चिडेल म्हणून मुलांना दिवसभर गप्प बसवते. पाहुण्यांना परस्पर नकार कळवते, युद्धाचा विषय निघण्याआधी बोलणे वळवते. रात्री त्याला चैन पडावी म्हणून स्वतःच कड्या तपासून येते आणि तो विचारील तितक्या वेळा 'सगळे बंद आहे' असे सांगते. यातील प्रत्येक कृती प्रेमापोटी झालेली असते आणि त्या संध्याकाळपुरती उपयोगीही ठरते.

परंतु पीटीएसडी टिकून राहण्यामागे टाळणे हे प्रमुख कारण आहे. ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळली की क्षणभर सुटका होते. मात्र ती गोष्ट आता धोकादायक नाही, हे शिकण्याची संधीही जाते. जोडीदार जेव्हा या टाळण्यात सामील होतो, तेव्हा दोघांचे जग हळूहळू आक्रसत जाते: आधी चित्रपटगृह सुटते, मग लग्नसमारंभ, मग मुलांच्या शाळेतील कार्यक्रम. कँडिस मॉन्सन व स्टेफनी फ्रेडमन यांनी विकसित केलेली जोडप्यांसाठीची बोधनिक-वर्तन उपचारपद्धती याच मुद्द्यावर उभी आहे. तिच्या सुमारे १५ सत्रांत विकाराची माहिती, परस्परसंवाद आणि पूर्वी टाळलेल्या गोष्टी दोघांनी मिळून पुन्हा करणे यांचा समावेश असतो. २०१२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ४० जोडप्यांवरील चाचणीत, प्रतीक्षायादीतील जोडप्यांच्या तुलनेत, उपचार घेतलेल्यांची लक्षणे कमी झाली आणि रुग्णांचे वैवाहिक समाधान वाढले.

याचा अर्थ जोडीदारामुळे विकार टिकतो असा घेणे चूक ठरेल. जुळवून घेणे एका दिवसात बंद करणेही अपेक्षित नसते. तसे केल्यास रुग्णाला एकटे टाकल्यासारखे होते. कड्या तपासण्याच्या बाबतीत, उदाहरणार्थ, झोपण्यापूर्वी दोघांनी मिळून एकदा तपासणे व त्यानंतर पुन्हा न उठण्याचा प्रयत्न करणे असा मधला टप्पा ठरवला जातो.

जोडीदारावरील परिणाम

आघात झालेल्या व्यक्तीच्या निकट राहणाऱ्यांतही तशीच लक्षणे दिसू शकतात, या कल्पनेला 'दुय्यम आघात' म्हणतात. चार्ल्स फिगली यांनी १९८० च्या दशकात ती मांडली. इस्रायलमध्ये झहावा सॉलोमन व सहकाऱ्यांनी १९८२ च्या लेबनॉन युद्धातील सैनिकांच्या पत्नींचा अभ्यास केला असता विकारग्रस्तांच्या पत्नींत मानसिक लक्षणे, एकटेपणा व वैवाहिक ताण अधिक आढळला.

ही संज्ञा वादातीत नाही. पत्नी ज्या लक्षणांची नोंद करतात ती पुष्कळदा पतीच्या युद्धानुभवाशी निगडित नसून सर्वसाधारण नैराश्य, चिंता व थकव्याची असतात, असे नंतरच्या काही संशोधकांनी दाखवले. अनेक वर्षे तुटक झोप घेतलेल्या कोणाही व्यक्तीत चिडचिड, विसराळूपणा व उदासी दिसते. तिला आघाताचे नाव दिल्यास साधा उपाय दुर्लक्षित राहू शकतो. दुसरीकडे, लक्षणांचा अर्थ जोडीदार कसा लावतो याला महत्त्व असल्याचेही दिसले. नॅशनल गार्डमधील सैनिकांच्या पत्नींवरील २००८ च्या एका अभ्यासात, पतीची लक्षणे तीव्र असताना पत्नीचे वैवाहिक समाधान कमी असणे, हा संबंध त्याने फारसे युद्ध पाहिलेले नाही असे ज्यांना वाटत होते त्या पत्नींतच आढळला. युद्धात काय घडले याचा तपशील न सांगताही, त्याचा आजच्या वागण्याशी संबंध आहे एवढे पत्नीला कळणे त्यामुळे उपयुक्त मानले जाते.

पीटीएसडी हे हिंसेचे स्पष्टीकरण असू शकते, समर्थन नव्हे. झोपेत नकळत झालेली इजा आणि जागेपणी केलेली मारहाण, धमकी वा नियंत्रण यांत भेद करावा लागतो. दुसऱ्या प्रकारात जोडीदाराची व मुलांची सुरक्षितता आधी येते आणि जोडप्याचे एकत्रित समुपदेशन अशा वेळी सहसा योग्य मानले जात नाही.

उपचार आणि त्यांतील जोडीदाराची भूमिका

अमेरिकेच्या माजी सैनिक व्यवहार विभाग व संरक्षण विभाग यांच्या २०२३ च्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांत तीन मानसोपचारांची शिफारस आहे: आघाताच्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारा 'प्रोलाँग्ड एक्स्पोजर', आघाताविषयीच्या विचारांची तपासणी करणारा 'कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग' आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारा ईएमडीआर. औषधांत सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन व व्हेन्लाफॅक्सीन यांची शिफारस असून बेन्झोडायझेपीन गटातील झोपेच्या व शामक गोळ्या, तसेच गांजा, यांच्याविरुद्ध सल्ला दिला आहे. मानसोपचाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आठवणी चाळवल्यामुळे स्वप्ने वाढल्यासारखी वाटू शकतात. याची पूर्वकल्पना जोडीदाराला नसेल तर उपचार सोडण्याचा सल्ला घरातूनच मिळतो.

पीटीएसडी आटोक्यात आल्यावरही निद्रानाश पुष्कळदा मागे उरतो, म्हणून त्याचा वेगळा उपचार करावा लागतो. दीर्घकालीन निद्रानाशावर बोधनिक-वर्तन उपचार हा पहिला पर्याय असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. यात रोज ठरावीक वेळी उठणे, अंथरुणाचा उपयोग झोपेव्यतिरिक्त पडून राहण्यासाठी न करणे, झोप येत नसल्यास उठून दुसरीकडे बसणे आणि अंथरुणातील एकूण वेळ काही आठवडे मर्यादित ठेवणे यांचा समावेश होतो. हे नियम घरच्यांच्या सहकार्याशिवाय पाळले जात नाहीत. रात्री झोप झाली नाही म्हणून पत्नीने सकाळी प्रेमाने उशिरापर्यंत झोपू दिले, की ठरावीक वेळी उठण्याचा मूळ नियमच मोडतो. वेळ मर्यादित ठेवण्याच्या काळात दिवसा पेंग येते. त्या दिवसांत वाहन चालवण्याविषयी सावध राहावे लागते.

दुःस्वप्नांसाठी 'इमेजरी रिहर्सल' ही पद्धत वापरली जाते. रुग्ण दिवसा, जागेपणी, स्वप्नाचा शेवट बदलून लिहितो आणि नव्या स्वप्नाची मनात उजळणी करतो. औषधांपैकी प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा इतिहास चढउतारांचा आहे. लहान चाचण्यांत त्याने चांगला परिणाम दाखवला होता, परंतु १३ वैद्यकीय केंद्रांतील ३०४ माजी सैनिकांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. तरीही काही रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ होतो, आणि २०२३ च्या तत्त्वांत दुःस्वप्नांसाठी त्याचा वापर सुचवलेला आहे, मात्र सौम्य शब्दांत. या औषधाने, विशेषतः सुरुवातीला, उठताना चक्कर येऊ शकते. रात्री कड्या तपासायला उठणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही बाब महत्त्वाची ठरते.

स्लीप ॲप्नियावर सीपॅप यंत्राचा मुखवटा लावून झोपावे लागते. पीटीएसडीच्या रुग्णांना तोंडावरील मुखवटा कोंडल्यासारखा वाटतो आणि यंत्राचा वापर मध्येच सोडण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिक आहे. दिवसा टीव्ही पाहताना काही वेळ मुखवटा लावून सवय करणे हा साधा उपाय उपयोगी पडतो. दुःस्वप्न ओळखून मनगटावर हलके कंपन देणाऱ्या, घड्याळावर चालणाऱ्या 'नाइटवेअर' या प्रणालीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये विक्रीची परवानगी दिली.

अमेरिकेतील संस्थात्मक साहाय्य

माजी सैनिकांसाठीची 'व्हेट सेंटर्स' १९७९ पासून सुरू झाली. तेथे कुटुंबीयांनाही समुपदेशन मिळते. राष्ट्रीय पीटीएसडी केंद्र १९८९ मध्ये स्थापन झाले. उपचारास नकार देणाऱ्या माजी सैनिकाशी कसे बोलावे, याचे मार्गदर्शन 'कोचिंग इन्टू केअर' या सेवेत नातेवाइकांना दूरध्वनीवरून केले जाते. संकटकाळी ९८८ हा क्रमांक फिरवून १ दाबल्यास माजी सैनिकांसाठीच्या मदतवाहिनीशी संपर्क होतो. नातेवाईकही ती वापरू शकतात.

जोडीदाराच्या श्रमांना आर्थिक मान्यता ५ मे २०१० रोजी संमत झालेल्या कायद्याने मिळाली. मुख्य काळजीवाहकाला मासिक भत्ता, अन्य विमा नसल्यास आरोग्यविमा, समुपदेशन आणि वर्षाला किमान ३० दिवसांची पर्यायी देखभाल, म्हणजेच स्वतःसाठी उसंत, यांची त्यात तरतूद आहे. प्रारंभी ही योजना ११ सप्टेंबर २००१ नंतर जखमी झालेल्यांपुरती होती. व्हिएतनाम काळातील पत्नी, ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे हे काम विनामोबदला केले होते, तिच्याबाहेर राहिल्या. २०१८ च्या कायद्याने ही त्रुटी दूर केली व १ ऑक्टोबर २०२० आणि १ ऑक्टोबर २०२२ अशा दोन टप्प्यांत सर्व काळांतील माजी सैनिकांचा समावेश झाला. मानसिक विकार असलेल्या रुग्णाला देखरेखीची गरज आहे हे कागदोपत्री सिद्ध करणे हातपाय गमावलेल्या रुग्णापेक्षा अवघड जाते, ही टीका मात्र कायम आहे. रँड संस्थेच्या २०१४ मधील अहवालानुसार अमेरिकेत सैनिक व माजी सैनिकांची काळजी घेणाऱ्यांची संख्या सुमारे ५५ लाख होती.

भारतातील स्थिती

भारतात या विषयावरील स्वतंत्र संशोधन मर्यादित आहे. येथील परिस्थिती काही बाबतींत वेगळी आहे. शिपाई दर्जाचे जवान तुलनेने तरुण वयात निवृत्त होतात आणि सेवेचा मोठा काळ कुटुंबापासून दूर काढतात. सातारा, कोल्हापूर यांसारख्या जिल्ह्यांत, जेथे गावोगावी लष्करात जाण्याची परंपरा आहे, पत्नी सासरी राहून शेती व मुले सांभाळते आणि पती सुट्टीपुरता घरी येतो. अशा जोडप्याचे अखंड सहजीवन पुष्कळदा निवृत्तीनंतरच सुरू होते आणि पतीच्या रात्री कशा जातात, हे पत्नीला तेव्हाच प्रथम कळते. एकत्र कुटुंबात आधाराला माणसे असतात, पण त्याच कारणाने रात्रीचा प्रकार झाकून ठेवण्याचे दडपणही पत्नीवर येते. सेवेत असताना तक्रार न सांगण्यामागे वैद्यकीय श्रेणी खालावण्याची भीती असते. लष्कराच्या 'शेप' या वर्गीकरणातील पहिले अक्षर मानसिक स्वास्थ्याचेच आहे.

एप्रिल २००३ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेत, म्हणजे ईसीएचएसमध्ये, निवृत्त सैनिकाबरोबर त्याच्या जोडीदाराचाही समावेश होतो. तिच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले जाते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये कागदपत्रे व योजनांविषयी मार्गदर्शन करतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध असून, सशस्त्र दलांतील व्यक्ती व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा विशेष कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला. या मदतवाहिनीवर रुग्णाऐवजी पत्नी किंवा अन्य नातेवाईकही स्वतःच्या त्रासाविषयी बोलू शकतात.